चंदेरी शाई

कुंपणाच्या खांबाखाली दुर्मिळ फुलपाखरांचे अकरा पंख होते. त्यातल्या नऊंवर, मोजणीसाठी फुलपाखरांवर खुणा करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीच्याच अक्षरात, चंदेरी आकडे. खांबावर खाटीक पक्षी चोच पुसत बसला होता. लांबून दिसावी म्हणून ती शाई तिनेच हट्टाने निवडली होती. “सर, शाई बदलू या,” ती म्हणाली. “आपणच यांना पक्ष्याच्या ताटात वाढतोय.” “आता बदलली, तर आधीची मोजणी बाद.” सरांनी डोळे चोळले. “सोमवारपर्यंत वीस फुलपाखरांची नोंद झाली नाही, तर कुरणावर नांगर फिरेल. मग काय ढेकळांवर आकडे घालशील? अठरा झालीत, दोनच राहिलीत.” तेवढ्यात जाळीत मादी सापडली, अंड्यांनी पोट जड झालेली. तिने पंखावर आकडा घातला, अक्षर सुबक आलं. तिने खडा मारून पक्ष्याला हाकललं, मगच मादी सोडली. सकाळी खांबाखाली बारावा पंख होता. आकडा एकोणीस.