बेटावरचे शब्द

ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या मृदुला खोतने एका विद्यार्थिनीच्या निबंधातल्या बोलीच्या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या होत्या.

"हे बदलले नाहीस तर नापास होशील," तिने विद्यार्थिनीला सांगितलं.

"पण समुद्रावरच्या धुक्याला आमच्या बेटावर हेच म्हणतात," मुलगी हळूच म्हणाली. "वाचून दाखवू?"

ती वाचत गेली, तसे मृदुलाचे डोळे मिटले. धुक्यातून होडी आली, ओलं जाळं आलं, मालवणच्या वाळूवरून हाका मारणारे बाबा आले. शाळेत मुलं तिच्या बोलण्याला हसली, तेव्हापासून तिने बाबांची बोली सोडली होती.

"एकही शब्द बदलू नकोस," ती म्हणाली. "फक्त खाली अर्थ दे."

मुलगी गेल्यावर मृदुलाने मालवणला घरी फोन लावला आणि बाबांच्या बोलीत विचारलं, "आये, कशी आसस गो?"



"इतक्या वर्सांनी घराक इलंस," आई म्हणाली.