सुयशचा ‘ळ’

स्कॅन बघून डॉक्टर खूश झाले. नव्या औषधाने इंदुमतीबाईंच्या पोटातली कॅन्सरची गाठ निम्म्यावर आली होती. "अम्माजी, दर्द है? कब से?" त्यांनी हसतच विचारलं.

इंदुमतीबाई साताऱ्याहून उपचारासाठी भावाकडे आलेल्या. हिंदी बोलायची पंचाईत, म्हणून त्या सोबत आलेल्या भाच्याकडे वळल्या. "कळ येते रे. पार मांडीपर्यंत जाते. बसवत नाही."

सुयश जन्मला-वाढला दिल्लीत. ‘ळ’ त्याच्या जिभेवर कधी बसला नाही, कानातही नाही. लहानपणी तो "मी केलं खाल्लं" म्हणायचा आणि सगळं घर हसायचं. हसले सगळे, शिकवलं कोणीच नाही.

"कल से है, सर. बैठने में थोड़ी प्रॉब्लम है."

"कल से? फिर मामूली है. पुराना दर्द होता तो मॉर्फीन शुरू करता." डॉक्टरांनी डोकेदुखीवर देतात ती साधी गोळी लिहून दिली. चारचौघांत कण्हायचं नाही म्हणून इंदुमतीबाई ताठ बसल्या होत्या. तेच त्यांना नडलं.

परतताना गुडगावच्या सिग्नलला सुयशने घरी फोन लावला. "बाबा, गुड न्यूज. गाठ हाफ झाली. दर्द तो बस कल से है."

डॉक्टरांसमोरचं भरभर हिंदी इंदुमतीबाईंच्या डोक्यावरून गेलं होतं. हे मात्र समजलं.

"कालपासून? कोण म्हणालं?"

"तूच ना, आत्या. कल येते म्हणालीस."

"कळ रे बाबा, कळ. दुखणं. दिवाळीपासून आहे."

सुयशने गाडी कडेला घेतली. डॉक्टर आता थेट पुढच्या गुरुवारी येणार, आणि त्यांच्या चिठ्ठीशिवाय मॉर्फीन कोणी देत नाही.

"सॉरी, आत्या." त्याला रडू आवरेना. "गुरुवारपर्यंत तू काय करणार?"

इंदुमतीबाईंना रागवायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून राग ओसरला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काय करायचं? तोवर कळ काढते."

सुयशने झटकन डोळे पुसले.

"काढता येते?" त्याने विचारलं. "घरीच?"