भार घालून चाचणी

अंगणातून टकटक ऐकू येत होती. स्वयंपाकघरात बसूनही माधुरीला कळत होतं, सुभाषचंद्र आता खिडकीखालची बाजू वाजवत आहेत. मग चाकावरची कमान आणि शेवटी मागचा कोपरा. सहा महिन्यांनी एकदा हे व्हायचंच. तिने गॅस बारीक केला, कारण मागचा कोपरा फार वेळ खायचा.

बाहेर कडुलिंबाखाली ते पांढरं घर उभं होतं. गाडीमागे जोडून ओढत न्यायचं, चाकांवरचं. आत दोन बिछाने, एक शेगडी आणि दाराआड कमोड. त्या कमोडसाठीच तर सगळा खटाटोप. गुडघे धरल्यापासून माधुरीला वाटेतले संडास चालेनात आणि प्रवास बंद पडला. तसा प्रवास तिला एकच हवा होता, समुद्रापर्यंतचा. बड्या बाजारात जन्मलेली, माहेरच्या आठ पिढ्या झाशीतल्या. समुद्र तिने कॅलेंडरवर पाहिला होता. अकोल्याहून नोकरीसाठी इकडे आलेल्या सुभाषचंद्रांनी लग्नानंतर तो दाखवायचं कबूल केलं, त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली होती.

घर निवडायलाच तीन वर्षं गेली. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात जन्मभर तपासनीस राहिलेला माणूस, भाजीवाल्याकडचा भोपळाही वाजवून घेणारा. ग्वाल्हेरला पाहिलेल्या पहिल्या घराच्या तळाला प्लायवूड होतं. यांनी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून चकचकीत, आतून कुजलेलं. दुसरं लोखंडी, ते यांच्या जुन्या गाडीला ओढवेना. शेवटी हे मिळालं. सगळं फायबरचं, लाकडाची काडी नाही, वजन चारशे किलोच्या आत. पन्नास वर्षं कुजणार नाही, असं ते येईल त्याला सांगायचे. शेजारीपाजारी विचारायचे, भाभीजी, कब निकल रहे हैं? ती म्हणायची, साहब पास करेंगे तब.

साहेब काही पास करत नव्हते. पहिल्या वर्षी छतातून तीन थेंब गळले. दुसऱ्या वर्षी मागचा दिवा लागेना. मध्ये एकदा जवळच्या मोठ गावापर्यंत नेऊन आणलं, पण माधुरीला नाही. आधी भार घालून चाचणी, माणूस नंतर, अशी त्यांची कारखान्यातली रीत. म्हणून दोघांच्या वजनाची वाळू पोत्यांत भरून बिछान्यांवर ठेवली. माधुरीच्या वाटची पोती मोठ पाहून आली आणि माधुरी फाटकात उभी राहिली. तिला तेव्हा राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा, आणि तो मग गेलाच नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती. त्याही दिवसांत टकटक चुकली नाही.

आता आवाज थांबला. सुभाषचंद्र घाम पुसत आत आले आणि त्यांनी तपासणीचा कागद तिच्यासमोर ठेवला. चौदा ओळी होत्या आणि चौदाही ओळींपुढे 'ठीक' लिहिलं होतं. शेऱ्याची जागा कोरी. खाली तपासनिसाची सही झाली होती, शेजारची ग्राहकाची बाकी होती. त्यांचा चेहरा पहिल्या पगाराच्या दिवशी होता तसा दिसत होता.

"तुझी सही हवी," ते म्हणाले. "त्याशिवाय माल बाहेर पडत नाही."

माधुरीने पेन घेतलं, पण सही केली नाही. माल न बघता कोणता ग्राहक सही करतो, असं विचारून ती उठली. पायरी उंच होती, म्हणून त्यांना प्लास्टिकचं स्टूल आणायला लावलं आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन ती वर चढली. नारळ फोडला त्या दिवसानंतर ती आत आलीच नव्हती.

आत नव्या बादलीचा वास होता. कुठे ओल नाही की डाग नाही. सुभाषचंद्रांनी खरोखरच छान घर निवडलं होतं, हे तिला मनापासून वाटलं. मग तिने आपल्या बिछान्याकडे पाहिलं. त्यावर वाळूची दोन पोती अजून तशीच पडून होती. वरच्या पोत्यावर निळ्या खडूने लिहिलं होतं: माधुरी, ६४ किलो.

बसायला जागा नव्हती. ती पोत्यांच्या कडेला कशीबशी टेकली.

"हे कोण झोपलंय माझ्या जागी?"

"अगं, तो चाचणीचा भार. तुझाच आहे."

"माझा नाही. मी बावन्न आहे आता. दवाखान्यात तोललं तेव्हा तुम्ही इथे पाणी मारून गळती बघत होतात." ती भांडत नव्हती, सांगत होती. "घर तो पचास साल चलेगा जी. मला कुणी वाजवून बघितलं?"

सवयीने सुभाषचंद्रांच्या बोटाचं पेर भिंतीकडे गेलं आणि वाटेतच थांबलं. नंतर त्यांनी खाली वाकून वरचं पोतं ओढायला घेतलं. ते हललं नाही. मोठला निघताना ती पोती दोन हमालांनी चढवली होती.

माधुरीने कागद गुडघ्यावर घेतला आणि ग्राहकाच्या जागी सही केली. मग कोऱ्या शेऱ्याच्या चौकटीत, इतकी वर्षं जेवताना कानावर पडून पाठ झालेल्या कारखान्याच्या भाषेत, तिने सावकाश लिहिलं: 'भार घटत आहे. माल त्वरित हलवावा.'