बसून खायचं

“तिथं मला काम काय?” तानुबाईनं विचारलं.

सुनीलकुमार आईला कॅनडाला न्यायला आला होता. चार वर्षं तो बोलावत होता. तिनं पासपोर्ट काढला, अर्जावर सही केली, पण जायचं म्हटलं की विषय बदलायची. उद्या सकाळी हैदराबादला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते आणि व्हिसा येईपर्यंत तिथंच राहून पुढं निघायचं होतं. करजगीतून निघायला गाडी तासाभरात येणार होती. बाजेवर त्यानं सगळं मांडून ठेवलं होतं. जाड जाकीट, रक्तदाबाच्या गोळ्या, आजारपणाचा विमा, तिथल्या मराठी मंडळाचा पत्ता.

“काही काम न्हाई, माय. बसून खायचं. लई कष्ट केलीस.”

“मग मी येत न्हाई.”

आई भ्यायली, असं त्याला वाटलं. घर आतून उबदार असतं, भाषेचं काही अडत नाही, असं तो समजावत राहिला. तानुबाई हसली. शाळेचं तोंड न बघता ती घरात मराठी, शेतात कन्नड आणि अफझलपूरच्या बाजारात उर्दू बोलायची. नवरा गेल्यावर तीन एकर तूर आणि चौदा शेळ्या तिनं एकटीनं सांभाळल्या होत्या. बर्फाचं भय तिला नव्हतं. भय होतं ते बसून राहायचं. तिची बहीण रत्नम्मा हुमनाबादला पोराकडं गेली, कुणी तिला कशाला हात लावू देईना, आणि वर्षभरात ती बोलायचीच थांबली.

सुनीलकुमारनं कागद गोळा केले. गाडी नको म्हणून सांगायला फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

“तुळजाची बाळंतपणाची सुट्टी पुढच्या महिन्यात संपायलीय,” तो खाली बघत म्हणाला. “पोर आठ महिन्यांची. पाळणाघरात जागा मिळंना. तुळजाला नोकरी सोडावी लागंल. आमचं तुझ्याबिगर भागत न्हाई, माय.”

“मग हे कामून लपवलास?”

“लोक म्हणतील, पोरानं मायला आया म्हणून नेलं.”

तानुबाई उठली. कुडापाशी जाऊन तिनं शेजारच्या जावेला हाक मारली. “यल्लम्मा, शेळ्या आता तुझ्याकडं. काळी लंगडायलीय, तिला लांब नेऊ नको.” मग ती पोराकडं वळली. “दोन वर्सांनी तुरीच्या राशीला मी हितं पाहिजे. ते आत्ताच ठरव.”

त्यानं मान डोलावली. तिनं पदर खोचला, जाकीट अंगावर धरून बघितलं आणि पिशवीत कोंबलं.

“राग न्हाई ना आला, माय?”

“राग कशाचा? चार वर्सं पाव्हणीवानी बोलवायलास, म्हणून आले न्हाई. आज घरच्या माणसावानी बोलावलास.”