पंख्याची घरघर

लॅपटॉपचा पंखा फार घरघरतो, एवढीच बाईंची तक्रार होती. दुरुस्तीवाल्याने तो चालू असतानाच जाळीतली धूळ फुंकून काढली आणि जाता जाता पॉवरची सेटिंग उघडली. स्लीप, कधीच नाही. हायबरनेट, कधीच नाही. झाकण मिटलं तरी चालूच. त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, हा वापरतं कोण?"

"मुलाचा आहे," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. तिथे चहा उकळत होता.

"त्याला सांगा, यंत्र झालं तरी विश्रांती लागते. असा रात्रंदिवस राबवला तर एक दिवस जीव सोडेल."

मग त्याने न विचारताच भलं करून टाकलं. पाच मिनिटांनी स्लीप, झाकण मिटताच हायबरनेट, म्हणजे बंदच. लगेच झाकण मिटूनही पाहिलं. पंखा गप्प झाला.

चहा घेऊन आलेल्या बाई दारातच थबकल्या. "आवाज का थांबला?"

"आता नाही त्रास देणार." त्याने झाकण उघडून बटण दाबलं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. "टाका पासवर्ड."

बाई चौकटीकडे बघत राहिल्या. "तो त्यालाच ठाऊक होता. हा चालूच ठेवून कामावर निघाला, आणि वाटेत गाडीने उडवलं त्याला. तेव्हापासून मी एकदाही बंद पडू दिला नव्हता. लाइट गेली की जीव मुठीत धरून बसायचे."

दुरुस्तीवाला उठून उभा राहिला.

"चहा घ्या," बाई म्हणाल्या. "निवतोय."