ओ देणारी दरी

“भावजी गेले,” वाटाड्याची बायको धापा टाकत म्हणाली. “सकाळच्या गाडीने, सामानासकट. गाडी सुटताना मी स्वतः पाहिली.”

वाटाड्याने मागे पाहिलं. मिनीबसमधून उतरलेली मंडळी कठड्यापाशी जमत होती. या डोंगराळ जिल्ह्यात पडके किल्ले आणि धबधबे पायलीचे पन्नास. पण हाकेला ओ देणारी दरी एकच, आणि तिच्यावरच त्याची चूल पेटत होती.

दरी मुकी आहे, हे घरातल्या तिघांनाच ठाऊक. युक्ती धाकट्या भावाची. “दादा, मी खालच्या कपारीत बसतो. वर लोक जे ओरडतील ते मी खालून ओरडेन.” अट एकच. तो कपारीत नसताना इथे कोणी हाक मारायची नाही, नाहीतर बिंग फुटेल. वाटाड्याने ती कधी मोडली नाही.

भाऊ मोठा गुणी. बायकांचे आवाज, म्हाताऱ्यांचा खोकला, परक्या भाषा, सगळं हुबेहूब, तेही तीन-तीनदा. ओल्या कपारीत बसून घसा फोडतो म्हणून कमाईतला मोठा वाटा त्याचा, घरातली उबदार खोली त्याची. वहिनी त्याला रोज काढा करून द्यायची.

“गेला कुठे?”

“पलीकडच्या खोऱ्यात स्वतःचं लॉज बांधलंय म्हणे. आपल्याला पत्ता लागू दिला नाही.”

वाटाड्याने तिला बाजूला ओढलं. “पोटच्या पोरासारखं वाढवलं गं त्याला! खाल्ल्या घरचे वासे मोजतात लोक, यानं वासेच काढून नेले.”

“अहो दादा, हाक कधी मारायची?” एका आजोबांनी विचारलं.

“मारू की. आधी तो खालचा दगडी पूल बघा. पलीकडच्या डोंगरात नदी उगम पावते...”

“ते बसमध्ये ऐकलं. आम्ही ओ ऐकायला आलोय.”

“आज दरीचा घसा बसलाय,” वाटाड्या म्हणाला. मंडळी खो खो हसली. त्याला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. एक हाक वाया गेली की नाव गेलं. उद्यापासून एकही बस घाट चढणार नाही. धाकट्याला हे कळत नव्हतं थोडंच? कळूनच तो गेला होता.

आता खरं सांगून टाकावं म्हणून त्याने हात जोडले. तेवढ्यात त्या आजोबांची बायको पुढे झाली.

“घरात तर कोणी ओ देत नाही,” नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, “दरी तरी देते का बघू.” कठड्यावर ओणवी होऊन ती ओरडली, “अहो, ऐकताय ना?”

वाटाड्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

“अहो, ऐकताय ना?” समोरचा कडा म्हणाला. मग त्याच्या मागचा. मग त्याच्याही मागचा, त्या बाईंच्याच आवाजात.