समोरची खिडकी

"बूशता, आधी चहा घे. चुना कुठं पळून जात नाही," बेनाइसा म्हणाला.

बूशताने शिडी भिंतीला टेकवली. "चहा पाजून भिंत वाचायची नाही, उस्ताद."

उन्हाळ्याच्या जत्रेआधी समुद्रकाठच्या असिला गावच्या गल्ल्या दरवर्षी चुन्याने पांढऱ्या होत. मग बाहेरगावचे चित्रकार येऊन त्या नव्याने रंगवत. बेनाइसाच्या दाराशेजारी त्याचं गेल्या साली केलेलं चित्र होतं. नारिंगी अर्धगोल, आणि त्याखालून हिरवा पट्टा असा वळत गेलेला की भिंतच सरकतेय असं वाटावं. त्यानंतर त्याचा उजवा हात थरथरू लागला. एवढं मोठं काम आता पुन्हा होणार नव्हतं.

"हे आहे तरी काय? मासा की होडी?"

"काहीच नाही. नुसती हालचाल."

"मग तिला म्हणावं, जरा हलून बाजूला हो. मला काम आहे."

बेनाइसा हसला. त्याने तीन पेले भरले. तिसरा गल्ली ओलांडून समोरच्या खिडकीखाली ठेवून आला. निळी खिडकी, एक झडप किंचित किलकिली, फटीत पिवळा उजेड. रोज सकाळी तो खुर्ची दारात ओढून तिच्याकडे तोंड करून बसे. तिसरा पेला तसाच गार होई.

"तामो वहिनी अजून बोलत नाहीत वाटतं?"

"बोलेल."

"दुसरी कुणी असती तर एव्हाना खिडकीतून बादलीभर पाणी ओतलं असतं तुमच्यावर!"

"ओतलं तरी चालेल," बेनाइसा म्हणाला.

बूशताने पेला खाली ठेवला. थोडा वेळ तो चुना ढवळत राहिला.

"नगरपालिकेचा हुकूम गल्लीच्या दोन्ही बाजूंचा आहे, उस्ताद. फार तर एक भिंत विसरल्यासारखं करीन. हीच ना? लोक लांबून बघायला येतात हिला."

बेनाइसाने नारिंगी रंगावरून तळवा फिरवला.

"हिला मार चुना. समोरची राहू दे."

"अहो, तुमचा हात आता..."

"मार म्हटलं ना."

दुपारपर्यंत अर्धगोल पांढऱ्याखाली बुडाला. हिरवा पट्टा थोडा वेळ चुन्यातून दिसत राहिला, मग तोही गेला. बूशता शिडी घेऊन निघाला.

ऊन उतरल्यावर बेनाइसा गल्ली ओलांडून, तामो गेल्यावर त्यानेच भिंतीवर रंगवलेल्या त्या खिडकीपाशी गेला. गार चहा त्याने ओतून टाकला. मग बारीक ब्रश पिवळ्यात बुडवला आणि थरथरता हात डाव्या हाताने धरून फटीतला उजेड आणखी बोटभर रुंद केला.